चेरी काउंटीतील धनादेश आणि मुक्त बाजाराचे प्रवचन

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे राज्य आहे आणि त्या राज्याच्या उत्तर सीमेवर चेरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्हा. या एका काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढे आहे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसे मोजली गेली. चेरी काउंटीत २०२० च्या जनगणनेत साडेपाच हजारही भरली नाहीत. विस्तार इतका की काउंटीच्या पूर्व भागातील घड्याळ एका प्रमाणवेळेवर चालते आणि पश्चिम भागातील दुसऱ्या. माणसे नाहीत, परंतु गुरे आहेत. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींच्या संख्येत ही काउंटी साऱ्या अमेरिकेत अग्रस्थानी मानली जाते. वाळूच्या टेकड्यांवर उगवलेले गवत, खाली भूजलाचा प्रचंड साठा आणि वर दीड लाखाहून अधिक गायी, असे हे दृश्य आहे. व्हॅलेंटाइन हे या काउंटीचे मुख्य गाव, आणि तेही आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढे.

गाय ही आपल्याला माता आहे. तिची गणना तेथे केवळ ‘हेड’ म्हणून, वजनाच्या पौंडांत आणि डॉलरांत होते, हे वाचताना आपल्या मनाला यातना होणे स्वाभाविक आहे. तो संस्कृतीचा मूलभूत भेद आहे व त्यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल. आज हिशेब करावयाचा आहे तो त्यांच्याच मापाने. कारण याच मापाचा हिशेब मांडून हा देश गेली तीस वर्षे आपल्या शेतकऱ्याला बाजाराचे धडे देत आला आहे.

कोरोनाच्या महामारीत, २०२० साली, चेरीसारख्या शेकडो ग्रामीण काउंट्यांतील शेतकरी व गुरेपालक यांच्या खात्यांत अमेरिकी सरकारने थेट पैसे भरले. २७ मार्च २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘केअर्स’ कायद्यावर स्वाक्षरी केली. १७ एप्रिलला कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १९ अब्ज डॉलरची योजना घोषित केली. पैकी १६ अब्ज थेट उत्पादकांना आणि ३ अब्ज ताज्या फळाभाज्यांची, दुधाची व मांसाची खरेदी करून ती खोकी गरजूंना वाटण्यासाठी. (त्या खोक्यांत पुढे ट्रम्प यांच्या स्वाक्षरीचे पत्रही घालण्यात आले. शिधापत्रिकेवर नेत्याचे छायाचित्र छापले की आपल्याकडे ज्यांना लोकशाहीची चिंता वाटू लागते, त्यांना हे पत्र दिसले नाही.) १७ सप्टेंबर रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मोसिनी येथे झालेल्या निवडणूक सभेत ट्रम्प यांनी दुसऱ्या टप्प्याची घोषणा केली. मतदान ३ नोव्हेंबरला होते. दोन्ही टप्पे व नंतरची भर मिळून या एका योजनेत सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटले गेले. त्या वेळच्या विनिमय दराने हे सव्वादोन लाख कोटी रुपयांहून अधिक होतात. अन्य सर्व योजना धरून २०२० या एका वर्षात अमेरिकी शेतीला सरकारकडून थेट मिळालेली रक्कम ४५ अब्ज डॉलरच्या घरात गेली. त्या देशातील शेतीच्या एकूण निव्वळ उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक.

म्हणजे जगातील सर्वांत ‘कार्यक्षम’ शेतीने त्या वर्षी कमावलेल्या दर शंभर डॉलरमागे चाळीसहून अधिक डॉलर सरकारने दिलेले होते.

आता हे पैसे देण्याची वेळ का आली, ते पाहिले पाहिजे. गवत उगवले नाही म्हणून नव्हे. वासरे जन्मली नाहीत म्हणूनही नव्हे. अमेरिकेत पोसून तयार झालेल्या गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के व्यवहार टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. यांतील जेबीएस ब्राझीलची आणि नॅशनल बीफवरही ब्राझीलच्याच कंपनीचे वर्चस्व. डुकराच्या मांसातील सर्वांत मोठी स्मिथफील्ड ही कंपनी २०१३ पासून चिनी मालकीची आहे. एप्रिल २०२० मध्ये या कंपन्यांच्या अवाढव्य कारखान्यांत खांद्याला खांदा लावून काम करणारे मजूर कोरोनाने आजारी पडले आणि एकामागून एक कारखाने बंद झाले. साउथ डकोटातील सू फॉल्सचा स्मिथफील्डचा कारखाना बंद झाला, कोलोरॅडोतील ग्रीलीचा जेबीएसचा बंद झाला, आणि खुद्द नेब्रास्कातील डकोटा सिटीचा टायसनचा कारखानाही काही दिवस थांबला. मोजके कारखाने थांबले आणि त्या महिन्याच्या अखेरीस देशातील कत्तलीची क्षमता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटली.

परिणाम विलक्षण होता. गुरेपालकाच्या दारातील जनावराचा भाव कोसळला, कारण ते घेणारे कोणी उरले नाही. आणि त्याच आठवड्यांत दुकानांकडे जाणाऱ्या मांसाचा घाऊक भाव आकाशाला भिडला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो शंभर पौंडांमागे पावणेपाचशे डॉलरच्या आसपास गेला. वर्षारंभीच्या भावाच्या दुपटीहून अधिक. उत्पादक बुडाला, ग्राहक लुबाडला गेला आणि मधल्या चौघांचा नफा फुगला. हा काही पहिला प्रसंग नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅन्सस राज्यातील होलकोम्ब येथे टायसनच्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हाही हेच घडले होते. सबंध देशाचा बाजार एका कारखान्याच्या आगीने हलतो, त्या व्यवस्थेला मुक्त बाजार म्हणावयाचे असेल तर मक्तेदारी कशाला म्हणावयाचे?

या रोगावर अमेरिकी सरकारने जे औषध दिले, ते आता बारकाईने पाहू. योजनेच्या पहिल्या टप्प्यात १५ जानेवारी ते १५ एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या जनावरांसाठी एक दर होता आणि १६ एप्रिल ते १४ मे या काळात दावणीला असलेल्या जनावरांसाठी दुसरा. कत्तलीसाठी पोसून विकलेल्या जनावरामागे २१४ डॉलर, सहाशे पौंडांवरील वाढत्या जनावरामागे १३९, त्याहून लहानामागे १०२. आणि जे विकले गेले नाही, त्याच्यामागे सरसकट ३३ डॉलर.

हा तारखांचा खेळ दिसतो तितका निरुपद्रवी नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, महामारीचा बाजारावर परिणाम होण्यापूर्वी, ज्याने चांगल्या भावात गुरे विकली त्याला १०२ ते २१४ डॉलर मिळाले. ज्याची गुरे १६ एप्रिलनंतर, बाजार तळाला गेला असताना विकावी लागली, ज्याचे खरे नुकसान झाले, त्याच्या हाती ३३ टेकवले गेले. चेरी काउंटीतील गुरेपालक बहुतांशी गाय-वासरू पाळणारा आहे. वसंतात वासरू जन्मते, उन्हाळाभर आईसोबत गवतावर वाढते आणि शरद ऋतूत विकले जाते. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या खिडकीत विकण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नसतेच. समजा, एखाद्याकडे ४०० गायी आणि ३५० वासरे आहेत. पहिल्या टप्प्यात या ७५० जनावरांचे ३३ डॉलरप्रमाणे २४,७५० डॉलर होतात. दुसऱ्या टप्प्यात दर जनावरामागे ५५ डॉलरचा दर आला, परंतु त्यातून पैदाशीच्या गायी वगळल्या. उरली वासरे, त्यांचे १९,२५० डॉलर. दोन्ही मिळून ४४ हजार. आपल्याला हा आकडा मोठा वाटेल, आणि आपल्या मापाने तो मोठा आहेच.

परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पाहा. गुरांना दाणा चारून वजन वाढविणारे जे मोठे तळ तेथे असतात, त्यांना ‘फीडलॉट’ म्हणतात. असा तळ चालविणाऱ्याने त्या तीन महिन्यांत १,१६९ पोसलेली जनावरे विकली, की २१४ च्या दराने अडीच लाख डॉलरची व्यक्तिगत कमाल मर्यादा गाठली जाते. ही मर्यादा व्यक्तीसाठी. कंपनी असेल आणि तिचे तीन भागधारक स्वतः शेतीत काम करीत असतील, तर साडेसात लाख. आणि ही मर्यादा प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र! नऊ लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना योजनेबाहेर ठेवल्याचे सांगितले गेले. पण त्या उत्पन्नाचा ७५ टक्के भाग शेतीतूनच येत असेल तर ही अटही लागू नाही, असे लगेच पुढच्या ओळीत होते. म्हणजे श्रीमंत वकिलाला दार बंद, श्रीमंत शेतकऱ्याला सताड उघडे. डोईमागे पैसे देण्याच्या पद्धतीत हे अटळ असते. ज्याची डोकी अधिक त्याला अधिक. आणि ते पैसे घेऊन तो शेजाऱ्याची जमीन घेतो, मग पुढच्या वेळी त्याची डोकी आणखी अधिक भरतात.

मदतीच्या या वाटपात कोणाला काय मिळाले, याचा आणखी एक पैलू आहे. नंतरचे कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांनी मार्च २०२१ मध्ये स्वतःच सांगितले, की वाटलेल्या सुमारे २६ अब्ज डॉलरपैकी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वाट्याला अवघे २ कोटी ८ लाख डॉलर आले. त्यावर उपाय म्हणून बायडेन सरकारने वंशाच्या निकषावर कर्जमाफी आणली. गोऱ्या शेतकऱ्यांनी न्यायालयात जाऊन ती रोखली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती कायद्यातून काढून टाकावी लागली. चेरी काउंटीच्या उत्तर सीमेला लागूनच रोझबड हे मूलनिवासी जमातीचे राखीव क्षेत्र आहे. मूलनिवासी शेतकऱ्यांना कर्ज देताना वर्षानुवर्षे भेदभाव केल्याच्या दाव्यात याच कृषिखात्याला २०१० मध्ये ७६ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली होती. जुलै २०२४ मध्ये भेदभावाला बळी पडलेल्या ४३ हजार जणांना आणखी सुमारे दोन अब्ज डॉलर द्यावे लागले. आपल्या सामाजिक न्यायावर दरवर्षी अहवाल लिहिणाऱ्या देशाची ही दप्तरी नोंद आहे. आपल्या घरातील विषमतेचे त्यामुळे समर्थन होत नाही, परंतु परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचा त्यांचा अधिकार मात्र तपासता येतो.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पैसे देण्याची रीत चांगली होती. कृषिखात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ची कार्यालये काउंटीपातळीवर आहेत आणि त्यांवर शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेली समिती असते. २६ मे २०२० रोजी अर्ज सुरू झाले तेव्हा कार्यालये लोकांसाठी बंद होती. कामकाज दूरध्वनीवर आणि टपालाने चालले. शेतकऱ्याने आपल्या गुरांची संख्या स्वतःच्या स्वाक्षरीने लिहून दिली की पुरे. सोबत कागदपत्रांची चळत जोडावयाची नव्हती. ती घरी जपून ठेवावयाची आणि पुढे तपासणी झालीच तर दाखवावयाची. आधी विश्वास, मग पडताळणी. आपल्याकडे सातबारा, आठ-अ, बँकेचे पत्र, अंगठ्याचा ठसा आणि पुन्हा ‘सर्व्हर डाउन’ अशी शेतकऱ्याची परिक्रमा ठरलेली. २०१७ च्या कर्जमाफीत आपल्या विचारांचे सरकार असतानाही ऑनलाइन अर्जांनी जो घोळ घातला, तो आपले कार्यकर्ते विसरलेले नाहीत. या बाबतीत व्हॅलेंटाइनच्या कार्यालयाकडून शिकण्यात कमीपणा नाही.

पण जी गोष्ट शिकावयाची नाही, ती अधिक मोठी आहे.

अमेरिकी गुरेपालकाविषयी एक दंतकथा जगभर पसरविली गेली आहे. घोड्यावरचा एकाकी, स्वावलंबी माणूस, सरकारकडे काही न मागणारा. चित्रपटांनी ती आपल्याही घराघरांत आणली. वस्तुस्थिती अशी, की चेरी काउंटीची ही भूमी मुळात तेथील मूलनिवासींची. त्यांना हटवून सरकारने ती वसाहतवाल्यांना जवळजवळ फुकट वाटली. १८६२ च्या कायद्याने प्रत्येकी १६० एकर. वाळूच्या टेकड्यांत तेवढ्यावर भागत नाही म्हणून १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कासाठी खास कायदा करून प्रत्येकी ६४० एकर. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांच्या काळात ‘कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ ही सरकारी संस्था शेतमालाचे भाव सावरण्यासाठी उभी राहिली. ती आजही आहे आणि ३० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज उचलू शकते. महामारीतील पैशांचा एक भाग तिच्याच तिजोरीतून आला. त्याआधी २०१८ आणि २०१९ मध्ये, ट्रम्प यांनी चीनशी आयातकरांचे युद्ध छेडले आणि चीनने अमेरिकी सोयाबीन घेणे थांबविले, तेव्हाही याच संस्थेमार्फत दोन वर्षांत २३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम शेतकऱ्यांना वाटली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १२ अब्ज डॉलरची घोषणा झाली. संकट संपले तरी धनादेश संपत नाही.

आता याच देशाचे आपल्याशी वागणे पाहा. मे २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध एक प्रतिअधिसूचना दाखल केली. भारत तांदळाला उत्पादनमूल्याच्या ७० टक्क्यांहून अधिक आणि गव्हाला ६० टक्क्यांहून अधिक आधार देतो, परवानगी फक्त १० टक्क्यांची आहे, असा तिचा आरोप. त्याच वर्षी नोव्हेंबरात कापसाबद्दल आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, कॅनडाला सोबत घेऊन, डाळींबद्दल अशाच अधिसूचना आल्या. हे ७० आणि ६० टक्के आले कोठून? संघटनेच्या कृषिकरारात आधाराची रक्कम मोजताना आजच्या हमीभावातून आजचा जागतिक भाव वजा करीत नाहीत, तर १९८६ ते १९८८ या काळातील भाव वजा करतात. तेव्हा टनाला साडेतीन हजार रुपयांच्या आसपास असलेला भाव आजही स्थिर धरावयाचा आणि त्यावरचा प्रत्येक रुपया हा ‘बाजार विकृत करणारे अनुदान’ समजावयाचा! चाळीस वर्षांपूर्वीच्या भावात आज कोणी अमेरिकी मंत्र्याला न्याहारी तरी देईल काय?

हा करार १९९४ मध्ये झाला तेव्हा स्वदेशी जागरण मंच आणि भारतीय किसान संघ गावोगाव डंकेल प्रस्तावाविरुद्ध सांगत फिरत होते. दत्तोपंत ठेंगडींसारख्या द्रष्ट्याने त्यातील सापळा ओळखला होता. त्या वेळी इंग्रजी वृत्तपत्रांतील अर्थपंडितांनी त्यांची संभावना ‘काळाची चाके उलटी फिरविणारे’ अशी केली. कराराने अमेरिकेला वर्षाला १९ अब्ज १० कोटी डॉलरपर्यंत बाजार विकृत करणारे अनुदान देण्याचा हक्क दिला, शिवाय पाच टक्क्यांची सूट वेगळी. भारताला त्या पहिल्या खान्यात शून्य. ज्यांनी पूर्वी भरमसाट अनुदाने दिली, त्यांना ती देत राहण्याचा परवाना. ज्यांना दारिद्र्यामुळे देता आली नाहीत, त्यांना यापुढेही मनाई. समतेच्या नावाने लिहिलेला असा करार इतिहासात शोधून सापडणार नाही.

योगायोग पाहा. २७ मार्च २०२० रोजी ट्रम्प यांनी आपल्या कायद्यावर सही केली आणि चारच दिवसांनी, ३१ मार्चला, भारताला जिनिव्हात लेखी कळवावे लागले की २०१८-१९ या वर्षी तांदळाच्या आधाराने १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे व २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या संरक्षक तरतुदीचा आम्ही आश्रय घेत आहोत. त्या वर्षीचा हा आधार होता सुमारे पाच अब्ज डॉलर. कोट्यवधी भात उत्पादकांसाठी. तिकडे सुमारे वीस लाख शेतांच्या देशात एका महामारी योजनेत ३१ अब्ज. पाच अब्जांचे स्पष्टीकरण द्यावे लागले आपल्याला.

आणि ज्या साठ्यासाठी हे स्पष्टीकरण मागितले गेले, तो साठाच त्या वर्षी कामी आला. हमीभावाने खरेदी केलेल्या धान्याची कोठारे भरलेली होती म्हणूनच एप्रिल २०२० पासून ८० कोटी देशबांधवांना दरमहा माणशी पाच किलो धान्य विनामूल्य देता आले. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत अन्नपेढ्यांपुढे मोटारींच्या मैलभर रांगा लागल्या होत्या आणि त्याच देशात शेतकरी दूध ओतून देत होते, डुकरे मारून पुरत होते. अन्न होते, भूक होती. मधली साखळी चौघांच्या मर्जीवर होती. आपल्याकडे दूध उत्पादकांची स्थिती त्या काळी सुखाची नव्हती. महाराष्ट्रात लिटरला सतरा-अठरा रुपये हाती पडत होते आणि जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये रस्त्यावर उतरावे लागले, ते योग्यच होते. तरीही सहकाराचे जाळे जेथे भक्कम होते तेथे, उदाहरणार्थ गुजरातेत अमूलने, टाळेबंदीतही गावोगावचे संकलन थांबविले नाही. खरेदीदार हा उत्पादकांचाच असेल तर तो संकटात दार लावून घेत नाही.

आपल्याकडील मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते यावर सांगतील, की अमेरिका श्रीमंत आहे, तिला परवडते. डावे सांगतील, की मग भारतानेही तसेच धनादेश वाटावेत. पहिल्यांना विचारले पाहिजे, की परवडते म्हणून केलेली गोष्ट तत्त्व केव्हापासून झाली? फेब्रुवारी २०१९ मध्ये किसान सन्मान निधी सुरू झाला, वर्षाला सहा हजार रुपये, तेव्हा ‘मतांसाठी खैरात’ म्हणून अग्रलेख लिहिणारे हेच होते. मोसिनीच्या सभेवर त्यांनी लिहिलेला अग्रलेख माझ्या तरी वाचनात आला नाही. दुसऱ्यांचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. सहा हजार रुपये पुरेसे नाहीत, हे खरेच आहे. परंतु चेरी काउंटीचे उदाहरण नेमके हेच दाखविते की, बाजाराची रचना तशीच ठेवून खात्यात पैसे भरले तर ते शेतकऱ्याच्या खात्यात टिकत नाहीत. त्याने सोसलेला तोटा सरकारने भरून दिला, म्हणजेच त्याच्याकडून पडत्या भावात घेणाऱ्यांचा नफा सरकारने अबाधित राखला. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाला विरोध केला, तो भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंच्या संदर्भात. चौघांच्या हातातील बाजार आणि एका मंत्र्याच्या हातातील तिजोरी, या दोन्हींमध्ये शेतकरी याचकच राहतो.

अमेरिकेला हे ठाऊक नाही असे नाही. शंभर वर्षांपूर्वी तेथे पाच मांसकंपन्यांची अशीच मक्तेदारी होती आणि ती मोडण्यासाठी १९२१ मध्ये कायदा झाला. पाचाच्या आता चार झाल्या. जेबीएसने भाव संगनमताने ठरविल्याच्या दाव्यात २०२२ मध्ये, दोष मान्य न करता, सव्वापाच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले. २०२० मध्ये सरकारी चौकशी सुरू झाली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच ट्रम्प यांना पुन्हा चौकशीचा आदेश द्यावा लागला. मधल्या काळात दुष्काळही पडला आणि १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली. १९५१ नंतरची सर्वांत कमी. जनावरांचे भाव चढले, पण ती घेऊन उभा राहणारा गुरेपालकच कमी झाला होता. त्याच नोव्हेंबरात टायसनने नेब्रास्कातील लेक्सिंग्टनचा आपला कारखाना बंद करण्याचे घोषित केले. सुमारे ३,२०० माणसांचा रोजगार आणि त्या परिसरातील गुरेपालकांचा एक मोठा खरेदीदार एका पत्रकाने गेला.

ही व्यवस्था आता आपल्या दारात उभी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के कर लादला गेला, त्यामागे रशियाचे तेल होते तसाच शेतीचा आणि दुधाचा बाजार उघडण्याचा आग्रहही होता. ७ ऑगस्टला डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, असे निक्षून सांगितले, ते स्वागतार्हच होते. अमेरिकी दुधाबाबत भारताने घातलेली अट साधी आहे. ज्या गायीला प्राण्यांचे रक्त, मांस वा अवयव यांपासून बनविलेले खाद्य दिले गेले, तिचे दूध आमच्याकडे येणार नाही. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी वर्षानुवर्षे आपल्या अहवालांत हिला ‘अशास्त्रीय अडथळा’ म्हणत आले आहेत. देवघरात नैवेद्याला ठेवावयाचे दूध कोणत्या शास्त्रात बसते, ते आपण ठरवू.

वाटाघाटींना जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी ही अट शब्दानेही सैल करू नये, आणि हमीभावाचा विषय निघाला की चेरी काउंटीसारख्या काउंट्यांत २०२० मध्ये लागू झालेले दरपत्रक टेबलावर ठेवावे. कत्तलीच्या जनावरामागे २१४ डॉलर, वासरामागे ५५, आणि माणशी कमाल अडीच लाख, म्हणजे सुमारे एक कोटी ८५ लाख रुपये. मग १९८६ च्या भावांची वही कोणी उघडावयाची, ते त्यांनी सांगावे.